सव्वादोन फुटांची फळी

"झोपा बघू," हिरा म्हणाली.

कचरूने इकडेतिकडे पाहिलं. दुपारचे बारा वाजत आले होते. वाघोलीच्या रस्त्यावर वाहनं एकमेकांना चिकटून उभी होती, आणि जुन्या गाड्यांचा व्यापारी संभाजी हातभर अंतरावर दात कोरत होता. साठी उलटलेल्या माणसाने भर रस्त्याकडेला गाडीच्या पत्र्यावर आडवं व्हायचं म्हणजे जरा अतीच होतं. पण हिराने शेवटी 'बघू' लावून सांगितलेली गोष्ट त्याने चौतीस वर्षांत कधी टाळली नव्हती. त्याने चपला काढल्या, सीटा काढून टाकलेल्या त्या पिवळ्या व्हॅनमध्ये शिरला आणि उताणा पडला.

हिरा मागच्या दारातून वाकली आणि त्याच्या टाचेपासून विती टाकू लागली. टाच, पोटरी, गुडघा, मांडी. डोक्यापर्यंत पोचायला तिला अर्धी आत यावं लागलं.

"पाय ताणा नीट. हां. साडेआठ. आणि गाडी नऊला जरा कमी. लांबीला बसतंय."

"मावशी, गाडी घेताय का शिवताय?" संभाजी म्हणाला. "लोक ॲव्हरेज इचारत्यात, टायर बघत्यात. वितीनं मोजणारं गिऱ्हाईक आजच बघतोय."

"आम्हाला राहायचंय तिच्यात," कचरू पडल्या पडल्या म्हणाला.

संभाजीची काडी दातातच थांबली. "राहायचंय म्हंजी?"

"म्हणजे राहायचंय. जेवायचं, झोपायचं, सकाळी उठायचं."

"आन् मग चालवायची कवा?"

कचरू उठून बसला आणि सवयीने खालचं रबरी मॅट उचलून पाहिलं. मॅटखाली पत्र्याला पत्रा जोडला होता आणि जोडाच्या कडेने भगभगीत गंज वर आला होता. त्याने बोटाच्या पेराने ठोकलं. आवाज पिचक्या डब्यासारखा आला.

"शाळेची गाडी हाय, काका. पोरंच बसायची, लोड नाही काय," संभाजी म्हणाला.

"पोरं बसायची. आम्ही पावसात झोपलो की खालून आंघोळ होईल," कचरू म्हणाला आणि चपला शोधू लागला.

कचरू खरात चोवीस वर्षं खराडीच्या कंपन्यांची स्टाफ बस चालवत होता. नोकरी कंपनीची नव्हे, कंत्राटदाराची. त्या कंत्राटदाराने साठ पूर्ण झाल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याला एक शाल दिली, एक नारळ दिला आणि बसची चावी मागून घेतली. शाल बरी होती.

त्यानंतर दोनच महिन्यांत खोलीचा मालक येऊन दारात उभा राहिला. पुण्यात भाड्याने राहणाऱ्याचं वर्ष अकरा महिन्यांचं असतं. अकरा महिन्यांचा करार, मग बाराव्या महिन्यात मालकाच्या तोंडाकडे बघायचं. अशा चौदा खोल्या कचरू आणि हिराने केल्या होत्या. पण या वेळी मालक भाडं वाढवायला आला नव्हता. त्याला खोली कॉट बेसिसवर द्यायची होती. जवळच दोन कॉलेजं झाली होती. एका खोलीत चार कॉट टाकल्या की चार पोरं येतात, आणि चारही पोरांचे बाप महिन्याच्या महिन्याला पैसे पाठवतात. दोन म्हाताऱ्यांनी त्या हिशेबापुढे काय बोलायचं?

मग पंधरावी खोली शोधणं आलं. त्यात या जोडप्याची एक पद्धत पडून गेली होती. कचरूने दारात थांबायचं आणि मालकाच्या प्रश्नांना तोंड द्यायचं. हिराने आत जाऊन बघायचं. नळ, ओल, खिडकी, सगळं बघून ती बाहेर यायची आणि म्हणायची, "घ्या," किंवा काहीच म्हणायची नाही. ती 'घ्या' म्हणाली की कचरूने घ्यायची. का, कशासाठी, हे त्याने कधी विचारलं नाही, आणि तिने कधी सांगितलं नाही. चौदा वेळा हे बिनबोभाट पार पडलं होतं.

पण या वेळी दारातच गाडी अडत होती.

"नाव काय म्हणालात?"

"कचरू."

"पूर्ण नाव हो."

"कचरू खरात."

"अच्छा."

त्या 'अच्छा'नंतर त्या खोलीत मालकाचा कुणीतरी भाचा राहायला येणार असायचा. वाघोलीतल्या मालकांना इतके भाचे असतील असं कचरूला वाटलं नव्हतं. चंदननगरच्या एका म्हाताऱ्याने तर पाटी दाराला तशीच लटकत असताना सांगितलं, "खोली गेली. पाटी काढायची राहिली आहे." आणि कचरूदेखत त्याने पाटी काढली नाही ती नाहीच. जिथे आडनाव चाललं तिथे वय नडलं. "उद्या काही झालं तर आम्ही कुणाला फोन करायचा?" असं एका बाईंनी विचारलं. प्रश्न खोटा नव्हता, म्हणून जास्त लागला.

फोन करायला मुलगी होती. मैत्री खराडीला राहायची, लहानशा दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये. आतल्या खोलीत ती, तिचा नवरा राकेश आणि सहा महिन्यांचं बाळ. बाहेरच्या खोलीत राकेशची आई. मैत्रीची रजा संपत आली होती. विहीणबाईंना डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं, त्यांच्याने बाळ सांभाळणं होत नव्हतं. मैत्रीने फोनवर अगदी चाचरत सांगितलं होतं, "बाबा, आईला पाठवता का माझ्याकडे? तुमचं पण बघू आपण काहीतरी."

'काहीतरी' म्हणजे काय ते कचरूला कळत होतं. राकेशने त्याच्यासाठी एका गोडाऊनवर रखवालदारांच्या खोलीत जागा बघून ठेवली होती. पोरगा वाईट नव्हता. पण कचरूला ते नको होतं. कष्ट त्याला नवे नव्हते, अडगळीची जागाही नवी नव्हती. त्याला हिरापासून वेगळं व्हायचं नव्हतं, एवढंच साधं होतं. लग्न झाल्यापासून मैत्रीच्या बाळंतपणाचे चाळीस दिवस सोडले तर तो हिराशिवाय झोपला नव्हता, आणि त्या चाळीस दिवसांत त्याला धड झोप लागली नव्हती. हे तो कुणाला सांगणार? साठीच्या माणसाने असलं बोललं की लोक हसतात.

व्हॅनची कल्पना त्याला नोकरीच्या शेवटच्या महिन्यात मिळाली. बसमध्ये ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसणाऱ्या एका मुलीने सिग्नलला त्याच्यापुढे मोबाइल धरला होता. "काका, हे बघा, सो कूल ना?" कुठल्यातरी परदेशातलं एक जोडपं व्हॅनमध्ये राहत होतं. पलंग, पडदे, शेगडी, फळीवर कुंडी, सगळं त्या व्हॅनमध्ये. दार उघडलं की समोर समुद्र. खोली सोडायची पाळी आली तेव्हा कचरूला ते आठवलं. त्याने त्या मुलीकडून तो व्हिडिओ मागवून घेतला आणि रात्री जेवणं झाल्यावर हिराला दाखवला. हिराने तो दोनदा नीट पाहिला.

"यांच्यात संडास कुठाय?" तिने विचारलं.

"पेट्रोलपंपावर असतात की," कचरू म्हणाला. "मी चोवीस वर्षं काढली पंपांवर."

हिराने मोबाइल उलटा ठेवला आणि अंथरूण घातलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तीच म्हणाली, "चला, बघून तर येऊ गाड्या." कचरूला इतका आनंद झाला की त्याने रिक्षा केली.

पिवळी व्हॅन सोडल्यावर संभाजीने त्यांना आवाराच्या मागच्या बाजूला नेलं. तिथे उंच टपाची एक पांढरी व्हॅन उभी होती. केटरिंगवाल्याची होती म्हणे. आत पाय टाकल्याबरोबर कचरूला मसाल्याचा वास आला, आणि दुसरं म्हणजे तो आत ताठ उभा राहू शकला. त्याने हात वर करून टपाला लावला. मग मागे जाऊन दोन्ही हात पसरले.

"हिरा, ये ना आत! हे बघ, इथं आडवा पलंग बसतो. आपण दोघं ऐसपैस. इथं शेगडी. इथं तुझं कपाट नाही मावणार, पण पेटी मावते. आणि इथं वर बाबासाहेबांचा फोटो."

"हितं तर तुमची नातवंडंपन राहत्याल," संभाजी म्हणाला. गिऱ्हाईक तापलेलं त्याने ओळखलं होतं.

हिरा आत आली. एकदा वर पाहिलं, एकदा मागे पाहिलं, आणि लगेच खाली उतरली. या गाडीत तिने कचरूला झोपायलाही लावलं नाही.

"एवढी मोठी काय करायची? राहायला घेताय का वरात काढायला? फंडातले सगळे पैसे हिच्यातच जातील. मग दुखलंखुपलं तर?"

"पण दोघांना..."

"नको म्हणते ना मी."

कचरू उतरला. हिरा पहिल्यापासून काटकसरी, हे त्याला ठाऊकच होतं. त्याला उलट बरं वाटलं. जी बाई पैशांचा एवढा विचार करते, ती गाडीत राहायला तयार झालीच की.

गाडी मिळाली तरी उभी कुठे करायची हा प्रश्न होताच. तो बाबुरावने सोडवला. बाबुराव कचरूबरोबर बस चालवायचा, आता केसनंद रस्त्याला एका लॉन्सवर देखरेखीला होता. लग्नाच्या मांडवाच्या मागे मोकळी जागा पडून होती. तिथे गाडी लावायची, रात्री जरा लक्ष ठेवायचं, त्याबदल्यात पाणी आणि वीज. दोघं जागा बघायला गेले तेव्हा हिराने सगळीकडे फिरून पाहिलं आणि एकच प्रश्न विचारला.

"भाऊ, संडास?"

"हाय की. दिवसा उघडाच असतो. रात्री मॅनेजर कुलूप लावून जातो, चावी त्याच्यापाशीच." बाबुरावने मागे हात केला. "रात्री काय, वहिनी, मागं समदं रान मोकळंच हाय."

कचरूने मान डोलावली. खरंच रान मोकळं होतं. हिरा त्या रानाकडे बघत राहिली आणि मग पदर घट्ट आवळून परत निघाली.

तिसरी गाडी खराडीच्या एका लॉन्ड्रीवाल्याची होती. लहानशी, करड्या रंगाची, धुतलेली. दार सरकवलं की इस्त्रीच्या कपड्यांचा ऊबदार वास येत होता. कचरूने मॅट उचललं, खाली हात फिरवला, ठोकून पाहिलं. तळ शाबूत होता. इंजिन सुरू करून तो डोळे मिटून दोन मिनिटं ऐकत राहिला. आवाज गरीब होता, पण खोटा नव्हता.

हिराने या गाडीला तासभर घेतला. आधी कचरूला लांब झोपवलं. मग कुशीवर वळायला लावलं, या कुशीवर आणि त्या कुशीवर. मग उठून बसायला लावलं. "डोकं लागतंय का वर? मान वाकवू नका, नेहमी बसता तसे बसा." मग खाली उतरून परत चढायला लावलं, आणि तो चढताना ती त्याच्या गुडघ्याकडे बघत राहिली. लॉन्ड्रीवाल्याला तिने विचारलं, उन्हात टप किती तापतो, काच पूर्ण खाली होते का, दार आतून लागतं का. लॉन्ड्रीवाला कंटाळून इस्त्रीकडे परत गेला.

"हीच घ्या," शेवटी हिरा म्हणाली.

कचरूचा चेहरा फुलला. "जरा अडचण होईल दोघांना. अंगाला अंग लागेल. पण थंडीत बरंच की," असं म्हणून तो हसला.

हिराने त्याच्याकडे पाहिलं. मग ती खाली वाकून चपलेचा बंद सारखा करू लागली.

"कागद मैत्रीच्या पत्त्यावर करा," ती म्हणाली.

ते बरोबरच होतं. गाडी नावावर करायची तर पत्त्याचा पुरावा लागतो, आणि यांचा पत्ता तर महिनाअखेर संपणार होता. कचरूला पुन्हा एकदा बायकोच्या डोक्याचं कौतुक वाटलं. माणसाला जे ऐकायचं असतं तेच त्याच्या कानाला ऐकू येतं, दुसरं काय.

आतलं काम श्यामकडे दिलं होतं. श्यामचं चंदननगरला फर्निचरचं छोटं दुकान होतं. कागदपत्रांसाठी कचरू चार दिवस इकडून तिकडे फिरत होता, म्हणून श्यामशी बोलायला हिरा गेली होती. पाचव्या दिवशी कचरू गाडी बघायला गेला तेव्हा श्याम रंधा मारत होता. गाडीचं दार उघडं होतं.

आत ड्रायव्हरच्या सीटमागे, उजव्या अंगाला, एक फळी बसवली होती. कडा गोल केलेल्या, खाली पेटी सरकवायला जागा. दुसऱ्या अंगाला शेगडीचा कट्टा, त्याच्यावर दोन फळ्या आणि खिळे. काम सफाईचं होतं. कचरूने फळीवर हात ठेवला आणि तो रुंदी बघू लागला.

"श्याम, अरे, ही अजून वाढणार ना?"

"काय?"

"फळी. ही किती आहे?"

"सव्वादोन फूट."

"सव्वादोन? अरे बाबा, दोन माणसं झोपायची आहेत हिच्यावर. तू काय ऐकलंस? कट्टा एवढा कशाला केलास? तो काढ आणि ही पलीकडपर्यंत ने."

श्यामने रंधा खाली ठेवला आणि खिशातून एक चुरगळलेला कागद काढला. वहीच्या पानावर हिराचं गोल गोल अक्षर होतं. फळी सव्वादोन फूट. उंची गुडघ्याइतकी, फार खाली नको, त्यांना उठताना त्रास होतो. खिळे डाव्या हाताला येतील असे.

"काकू म्हणाल्या एकच माणूस आहे," श्याम म्हणाला. "मी दोनदा विचारलं. मी म्हटलं, काकू, तुमचं? तर म्हणाल्या, 'मी मुलीकडे.'"

दुकानातला दुसरा कारागीर मान वर करून बघत होता. आपली बायको आपल्याला सोडून जाणार आहे हे आपल्याला सुताराकडून कळतंय, हे त्या क्षणी कचरूला इतकं लाजिरवाणं वाटलं की दुःख मागेच राहिलं. त्याने तो कागद पुन्हा एकदा वाचला, नीट घडी घातली आणि परत दिला.

"हां हां. बरोबर आहे," तो म्हणाला. "ठरलंच होतं आमचं. माझ्याच डोक्यातून गेलं. चांगलं केलंस काम."

"पॉलिश मारू ना?"

"मार की."

खोलीवर तो चालत गेला. चंदननगरपासून वाघोलीपर्यंत, भर उन्हात, बस असताना. पोचला तेव्हा हिरा उंबऱ्याशी बसून तांदूळ निवडत होती. त्याने हातपाय धुतले, पाणी प्यायला, तिच्यासमोर बसला.

"श्यामने फळी एकच टाकलीय," तो म्हणाला.

"सव्वादोन फूटच ना? मी लिहून दिलं होतं त्याला."

"तू कुठं झोपायचीस?"

हिराचा हात ताटात थांबला. तिने वर पाहिलं, आणि त्याचा चेहरा बघून तिचाच चेहरा उतरला.

"म्हणजे? तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

"मला कोण सांगणार?"

"सांगायचं काय त्यात? मोठी गाडी नको म्हणाले मी, तेव्हा काय वाटलं तुम्हाला?"

"मला वाटलं, पैसे वाचवतेस."

"कागद मैत्रीच्या पत्त्यावर करा म्हणाले, तेव्हा?"

"मला वाटलं, पुरावा लागतो."

"अहो, देवा," हिरा म्हणाली. ती देव मानत नव्हती, पण तोंडातून गेलं. "मला वाटलं, तुम्ही ओळखलंत आणि मला वाईट वाटू नये म्हणून बोलत नाही आहात. अंगाला अंग लागेल म्हणालात, तीही मला थट्टाच वाटली. मी मनातल्या मनात म्हणत होते, किती समजून घेतात."

"का पण? मी काय कमी केलं?"

"तुमचं काही नाही हो त्यात." तिने ताट बाजूला सारलं. "मला साखर आहे. रात्रीतून चारदा उठते मी. बाबुराव भाऊजी म्हणाले, मागं रान मोकळं आहे. तुम्ही मान डोलावलीत. मी बाई आहे. साठीची बाई रात्रीची हातात बॅटरी घेऊन रानात जाऊन बसणार, आणि पुढं लग्नाला आलेले ड्रायव्हर गाड्या लावून झोपलेले."

"मी आलो असतो बरोबर."

"चारदा? रोज? किती वर्षं?"

त्याने उंबऱ्यावर सांडलेले चार तांदूळ वेचून ताटात टाकले.

"आणि पोरीचं बाळ आहे तिकडं. तिची नोकरी गेली तर त्या घराचे हप्ते कोण भरणार?"

"मग मीही येतो. हॉलमध्ये पडेन कोपऱ्यात."

"हॉलमध्ये विहीणबाई असतात. व्याही शेजारी झोपलाय म्हटल्यावर त्या बिचारीने पाठ टेकायची कशी? रात्रभर डोक्यावरचा पदर सावरत बसतील, आंधळ्या डोळ्यांनी. आणि तुम्हाला तरी झोप येईल का तिथं?"

नाही येणार, हे त्याला कबूल करावं लागलं. तिचं एक-एक बोलणं खरं होतं आणि त्यातलं एकही त्याला नको होतं. तो एकदम चिडला.

"मग मला प्रत्येक गाडीत झोपवून, वळवून, बसवून काय बघत होतीस? तमाशा?"

"तुम्हालाच झोपायचं होतं ना त्यात! माझं माप घेऊन काय करणार होते मी?" हिराचा आवाज फुटला. "पाय मुडपून झोपलात की तुमची कंबर धरते. मग सकाळी कोण चोळणार आहे? म्हटलं, बाकी काही आपल्या हातात नाही, एवढं तरी नीट बघून द्यावं."

तिने ताट पुढे ओढलं आणि त्याने समोर बसून खडे वेचायला सुरुवात केली. त्याला चष्म्याशिवाय खडा दिसत नव्हता. तो नुसताच तांदूळ इकडचे तिकडे करत राहिला.

महिनाअखेरीला त्यांनी खोली सोडली. भाऊभाऊ वेगळे निघतात तेव्हा भांड्यांवरून भांडणं होतात. इथे दोघंही एकमेकांना 'तुम्हीच ठेवा', 'तूच ने' करत होती. कुकर मैत्रीकडे होता, म्हणून हिराने आपला कचरूला दिला. बाबासाहेबांचा फोटो गाडीत लावायचा ठरलं आणि बुद्धाची छोटी मूर्ती हिराने साडीत गुंडाळून घेतली. कपाट मालकानेच ठेवून घेतलं, पोरांना वापरायला. हिराने स्वतः गाडीतलं सामान लावून दिलं. चहा-साखरेचे डबे, तेल, गोळ्या, टॉवेल. नंतर कचरूने तिला खराडीला सोडलं. सोसायटीच्या फाटकाबाहेरच थांबावं लागलं, आत पाहुण्यांच्या गाड्यांना जागा नव्हती. मैत्री बाळाला घेऊन खाली आली होती. हिरा उतरली, चार पावलं गेली, परत आली आणि म्हणाली, "पंखा अंगावर लावून झोपू नका."

"बरं."

पहिल्या आठवड्यात कचरू रोज फोन करायचा. हिरा फोनवर हळू बोलायची, बाळ झोपलेलं असायचं. मग फोन एक दिवसाआड झाला. लॉन्सवर लग्नं सुरू झाली. मांडवात सनई वाजायची, जेवणाच्या पंगती उठायच्या, बाबुराव कधी गुलाबजाम आणून द्यायचा. कचरू फळीवर पाय ताणून पडायचा. फळी अगदी मापाची होती. कंबर धरत नव्हती. पण झोप यायची नाही ती नाहीच, आणि कुशीवर वळताना तो अजूनही शेजारच्याला धक्का लागू नये म्हणून सांभाळून वळायचा.

हिरा पहिल्यांदा आली ती महिन्याभराने, एका रविवारी दुपारी. राकेशला सुट्टी होती, बाळ त्याच्याकडे देऊन ती रिक्षाने आली. कचरू सकाळपासून दाढी करून बसला होता, पण जेवल्यावर नेमका डोळा लागला. पत्र्यावर टकटक झाली तेव्हा तो दचकून उठला.

"आहात का?" बाहेरून हिराचा आवाज आला. "येऊ का आत?"

दार उघडंच होतं, तरी ती बाहेर चपला काढून उभी होती. हातात डबा होता. "ये की, विचारतेस काय," असं म्हणत कचरूने फळीवरची चादर सारखी केली.

ती फळीच्या टोकाला बसली. डब्यात मेथीची भाजी आणि भाकरी होती, ती त्याने तिच्यासमोर खाल्ली. ती सगळीकडे बघत होती. बाळाला दोन दात आले होते. विहीणबाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन ठरलं होतं. त्याने सांगितलं, गेल्या रविवारी नवरदेवाची वरात एवढी उशिरा आली की नवरीच्या बापाने भटजीऐवजी पोलिसांनाच बोलावलं. ती हसली. मग त्याने चहा केला. दोन कप होते. दोघांनी दाराकडे तोंड करून चहा प्यायला, समोर मांडवाचे रिकामे बांबू आणि कोपऱ्यात रचलेल्या लाल खुर्च्या.

"निघते आता," हिरा म्हणाली. "बाळ उठेल."

"कप राहू दे, मी धुतो."

"तेवढ्यासाठी काय," असं म्हणून ती उतरली आणि नळावर जाऊन दोन्ही कप विसळून आली. आत चढून तिने कट्ट्यावरच्या खिळ्यांकडे पाहिलं. तिने कपांसाठी ठेवलेल्या खिळ्यांना आता बॅटरी आणि चाव्या अडकवल्या होत्या. साखरेचा डबा खालच्या फळीवर गेला होता, गोळ्या खिडकीपाशी. त्याच्या हाताला जसं सोपं पडेल तसं त्याने महिनाभरात सगळं हलवलं होतं, आणि त्याच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

हिरा ओले कप हातात धरून त्या लहानशा जागेत उभी राहिली. एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे.

"हे कुठं ठेवू?" तिने विचारलं.

कचरूने उठून तिच्या हातातून कप घेतले.